बियाण्याच्या हरभऱ्यातली लाल खोडं

हरभऱ्याचे शेंडे खुडायला आम्ही चार-पाच जणी रानात वाकलो होतो, तेव्हा माझ्या हाताशी आलेल्या एका झाडाचं खोड लाल निघालं.

फार लाल नव्हतं. मातीलगत दोन बोटं, जांभळाच्या रसात बुडवून काढल्यासारखं. शेजारचं झाड हिरवं, त्याच्या पलीकडचंही हिरवं. मी शेंडा खुडला, ओढणीच्या ओच्यात टाकला आणि पुढं सरकले. थोड्या अंतरावर पुन्हा तसंच एक आलं. मग आणखी एक. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका गप्पा मारत खुडत होत्या. पेरून महिना झाला की हरभऱ्याचा शेंडा काढायचा, म्हणजे झाड वर जायचं सोडून फांद्या फोडतं आणि घाटे जास्त लागतात. त्यांना हे ठाऊक होतं, पण त्यांचं लक्ष शेंड्यांच्या भाजीवर जास्त होतं. खोडाकडं कुणी बघत नव्हतं. बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच, जर तो हरभरा साधा असता तर.

पण आमचा हरभरा बियाण्याचा होता.

मी कुणाला काही बोलले नाही. न बोलणं मला जमतं. पप्पा सैन्यात होते, त्यामुळं माझी पहिली काही वर्षं छावण्यांत गेली आणि नंतरची साताऱ्यात, इंग्रजी शाळेत. सुट्टीला गावी आले की चुलत भावंडं माझं मराठी ऐकायला जमायची आणि मी चूक केली की हसायची. मग मी बोलणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. कोण कुणाशी बोलत नाही, कोणाच्या गोठ्यातली म्हैस आटलीय, कुठल्या बांधावरचा दगड हललाय, हे मला न विचारता कळायचं. ह्याचा पुढं काही उपयोग होईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. पप्पा सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही गावी राहायला आलो, तेव्हा माझं शिक्षण नुकतंच संपलं होतं. शेतात शब्द चालायचा तो मोठ्या आईचा. मोठी आई म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, पप्पा सीमेवर होते, तेव्हापासून रान तिनंच सांभाळलं. ऊस, कारखान्याची तोडणीची टोळी, पाटाच्या पाण्याची पाळी, सगळं. त्यामुळं पप्पा गावात कितीही ताठ चालत असले तरी मोठ्या आईसमोर ते अजून धाकटे दीर होते.

हरभऱ्याची कल्पना माझी होती. गावात उसाच्या मधल्या मोकळ्या वेळेत पुष्कळजण हरभरा करतात, पण बियाणं ज्याला जे मिळेल ते. कुणी घरचं, कुणी बाजारातलं, कुणी मेव्हण्याकडून आणलेलं. एकाच रानात एक झाड गुडघ्यापर्यंत उभं, दुसरं जमिनीला लोळलेलं, तिसरं मर रोग लागून वाळलेलं. घाटे एका वेळी वाळत नाहीत, काढणीला मशीन चालत नाही. मी म्हटलं होतं, कृषी विद्यापीठाचं पायाभूत, म्हणजे भेसळ नसलेलं बियाणं आणू, आपण बीजोत्पादनाचा प्लॉट करू, तो सरकारी तपासणीत पास झाला तर पुढच्या वर्षी अख्ख्या गावाला एकसारखं, खात्रीचं बी मिळेल. हे मी जेवताना ताटाकडं बघत म्हटलं होतं. मोठ्या आईनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "रान कुठलं पायजे?"

"विहिरीकडचं," मी म्हटलं.

ते तिचं सगळ्यात चांगलं रान होतं आणि त्यात तोडणीनंतर राखलेल्या खोडवा उसाला नवे कोंब फुटत होते. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. दुसऱ्या आठवड्यात खोडवा मोडला.

त्यावरून बांधाशेजारच्या काकांना करमणूक झाली. ते आमच्या भावकीतले. रोज सकाळी त्यांच्या उसाच्या कडेला उभे राहून विचारायचे, "काय वैनी, इंग्लिश हरभरा काय म्हंतोय?" मोठी आई उत्तर द्यायची, "म्हंतोय की, तुमचं रान पाण्यात सडतंय तेवढं बघा." पण ते गेल्यावर ती गप्प व्हायची. खोडवा मोडून हरभरा केला हे सगळ्या गावानं बघितलं होतं. प्लॉट नापास झाला तर ते बियाणं राहणार नव्हतं, डाळीच्या भावानं बाजारात जाणार होतं. आणि नाव माझं जाणार नव्हतं, तिचं जाणार होतं.

म्हणून ती लाल खोडं मला झोपू देईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच रानात गेले. पानांवर आंब होती. हरभऱ्याच्या पानांवर रात्री जमणारं ते आंबट दहिवर पायांना झोंबतो, सलवारीवर डाग पाडतो. मी विहिरीकडच्या टोकापासून वाकून, एकेक ओळ बघत निघाले. लाल खोडाची झाडं पसरट होती, त्यांची पानं बारीक आणि हिरवा रंग जरा काळपट. आमचं वाण उभट वाढणारं, त्यात ती लपत नव्हती, फक्त त्यांच्याकडं बघावं लागत होतं. आणि एक गोष्ट अशी दिसली की मी उठून उभीच राहिले. ती सगळी विहिरीकडच्या सुरुवातीच्या ओळींत होती. तिथं दाट, मग विरळ, आणि मग एकदम संपलेली. उरलेल्या सगळ्या रानात एकही नाही.

पायाभूत बियाण्यातच भेसळ असती तर ती रानभर पसरली असती. म्हणजे जे काही झालं होतं ते पेरणी सुरू होतानाच झालं होतं.

पेरणीच्या वेळी मी झाडाखाली ताडपत्रीवर बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळत होते, गुळाच्या पाण्यात कालवून. ट्रॅक्टरजवळ पप्पा होते. घरी येऊन मी त्यांना विचारलं, "पप्पा, पेरणी यंत्राच्या पेटीत बियाणं ओतायच्या आधी काही होतं का?"

पप्पांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "पेटी मी स्वतः साफ केली होती. फडक्यानं पुसून. एकदम ओके."

"मग नंतर?"

"नंतर काय, वहिनींनी मूठ टाकली आणि सुरू केलं."

"कसली मूठ?"

"घरच्या हरभऱ्याची. ती टाकावीच लागते." आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांचा आवाज हळू झाला. "का? काय झालं?"

मला ती पद्धत माहीत नव्हती. आमच्या घरी हरभऱ्याची पेरणी कधीही असो, पहिली मूठ घरच्या बियाण्याची पडते. बाजारातून कितीही बी आणलं तरी घरचं बी त्या वर्षी मातीत गेलं पाहिजे. पूर्वी ती मूठ बैलांच्या पाभरीच्या चाड्यात, बी सोडायच्या वाटीत पडायची, आता ट्रॅक्टरच्या पेटीत. रिकाम्या, पुसलेल्या पेटीच्या तळाशी मोठ्या आईनं हात जोडून आपली मूठ टाकली होती. कदाचित दोन्ही हातांची. वरून आम्ही विद्यापीठाचं बियाणं ओतलं. आणि तळाचं बी आधी पेरलं गेलं, विहिरीकडच्या पहिल्या ओळींत.

"तू सांगणार का मी सांगू?" पप्पांनी विचारलं. त्यांनी आयुष्यात बरंच काही पेललंय, पण तो प्रश्न त्यांनी दाराकडं बघत विचारला.

"मी सांगते," मी म्हटलं.

मोठी आई गोठ्यात शेण भरत होती. मी दारात उभी राहिले. काय बोलायचं ते मनात जुळवून गेले होते, पण तोंडातून एवढंच आलं, "मोठी आई, विहिरीकडच्या ओळींत घरचा हरभरा उगवलाय."

"उगवंल की. मी टाकलाय."

"तो काढावा लागेल."

तिचे हात थांबले. "काढावा म्हंजी?"

"उपटावा. तो दुसरा आहे. तपासायला येतील तेव्हा भेसळ धरतील."

"आगं, ती मूठ हाय! मूठ उपटती का कुणी?" तिनं पाटी खाली ठेवली. "माझ्या आयनं म्हायेरासनं, वाळव्यासनं, माझ्या वटीत घातलेला हरभरा हाय त्यो. तवाधरनं एक साल चुकलं न्हाई. दुष्काळात बी पेरला. आणि आता तुझा कोण सायब येणार म्हणून उपटायचा व्हय?"

मी दारातून हलले नाही.

"आणि दुसरा म्हंजी काय? हरभरा त्यो हरभरा. पान सारकं, फूल सारकं. तुला काय त्याच्यातलं कळतंय?"

"कळतंय," मी म्हटलं.

हे मी तिला उलट म्हटलेलं पहिलंच वाक्य असावं, कारण ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं हात धुतले, पदर खोचला आणि मला काही न सांगता रानाकडं चालू लागली. मी मागोमाग. विहिरीपाशी पोचल्यावर ती म्हणाली, "हितं उभं ऱ्हा. माघारी तोंड कर."

मी पाठ फिरवली. तिचा वाकण्याचा, फांद्या मोडण्याचा आवाज येत होता. समोर बांधावर काका होते. ऊस सोडून ते आमच्याकडं बघायला लागले होते.

"हां, वळ आता."

तिच्या हातात हरभऱ्याच्या, मातीलगत मोडलेल्या डहाळ्यांची जुडी होती. बुंधे तिनं पदरात झाकले होते, फक्त वरचा पाला माझ्याकडं केलेला. खोडाची लाली मला दिसू नये एवढं तिला सुचलं होतं. "सांग आता. ही कुठली?"

"नवी."

"ही?"

"नवीच."

"ही?"

पान बारीक होतं, कड जरा जास्त करवती. "घरची."

तिनं बुंधा बाहेर काढून बघितला. लाल. तिनं पुढची डहाळी काढली. मग आणखी एक. एकदा तिनं मुद्दाम एकाच झाडाच्या दोन डहाळ्या एकामागोमाग दाखवल्या. मी म्हटलं, "ह्या दोन्ही एकाच झाडाच्या असतील." बांधावरून काका म्हणाले, "वैनी, परीक्षा चाललीय काय?" ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "तुमाला बसायचं हाय का परीक्षेला? या."

ते आले नाहीत.

जुडी संपली. मोठ्या आईनं सगळ्या डहाळ्या म्हशीसाठी एका हातात गोळा केल्या. तिचा चेहरा वाचता आला नाही, आणि मला सहसा तिचा चेहरा वाचता येतो.

"उपट," ती म्हणाली. "पण मला हात लावाया सांगू नगंस."

मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून उपटायचं काम माझंच. ऊन पाठीवर घेऊन चालायचं, म्हणजे पानाचा आणि खोडाचा रंग खरा दिसतो. समोरून ऊन आलं की सगळंच सारखं चकाकतं. सकाळी एका ओळीत जायचं, ऊन फिरल्यावर त्याच ओळीत परत यायचं, कारण जाताना झाकलेलं येताना दिसतं. सापडलेलं झाड मुळासकट काढायचं, तिथंच टाकायचं नाही, रानाबाहेर न्यायचं. बोटांच्या टोकांना आंबेनं चिरा पडल्या. फुलं लागली तेव्हा आणखी काही चुकार झाडं कळली. आमच्या वाणाचं फूल फिकं गुलाबी, घरच्या हरभऱ्याचं गडद, जांभळाकडं झुकलेलं. तीही काढली. विहिरीकडच्या ओळींत मधे मधे जागा मोकळ्या दिसायला लागल्या, दात पडल्यासारख्या.

घरी मातीच्या डेऱ्यात, राखेत ठेवलेला घरचा हरभरा थोडा शिल्लक होता. तो मी मोठ्या आईला विचारून घेतला नाही. परसात, जुन्या चुलीच्या पलीकडं जमीन उकरली आणि उशीर झाला होता तरी पेरला. रानापासून ती जागा लांब होती, तिथं त्याच्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ती अंगणातून बघत होती. मी पाणी घालून झाल्यावर ती म्हणाली, "लय खोल टाकलायंस. वर माती कमी कर." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर कोंबड्यांनी उकरू नये म्हणून तिथं काट्या टाकलेल्या होत्या.

नंतर ती रानातही यायला लागली. उपटायची नाही. बांधावर बसायची आणि घाटेअळी टिपायला पक्षी बसावेत म्हणून आम्ही ठोकलेल्या काठ्यांवर कोण येऊन बसतंय ते मोजल्यासारखं बघायची. पाटाला पाणी आलं की तिचे हात शिवशिवायचे. उसाच्या माणसाला पाळी सोडवत नाही. "घाटे भरायच्या टायमाला एकदाच देऊ, हलकं," मी म्हणायचे, आणि ती पाण्याकडं बघत सुस्कारा सोडायची, पण पाटाचं दार उघडायची नाही. फक्त विहिरीच्या पाटाला एका ठिकाणी गळती होती आणि तिथली माती नेहमी ओली राहायची. ती बुजवायची राहून गेली.

तपासणीला साहेब आले ते मोटारसायकलवर, डोक्याला टोपी, हातात पॅड. तरुणच होते, फार बोलत नव्हते, त्यामुळं मला बरं वाटलं. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मोठी आई पदर नीट करून. बांधावर काका, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी मुद्दाम बोलावल्यासारखे आणखी दोघे.

साहेब रानात तिरपे चालत गेले, मधे मधे थांबून, वाकून झाडं बघत. चेहऱ्यावरून काही कळेना. मधलं रान झालं, पलीकडची कड झाली. मग ते विहिरीकडं वळले. मोठ्या आईनं माझं मनगट धरलं.

गळतीच्या ओलीजवळ ते थांबले. एक झाड बाकीच्यांहून चांगलंच पसरलं होतं. त्यांनी ते पायाच्या टोकानं दाखवलं आणि पॅडवर लिहायला पेन काढलं. "हे वेगळं आहे," ते म्हणाले. "अशी अजून असतील इकडं."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"ते वेगळं नाही," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बांधापर्यंत गेला असावा. "ते ह्याच वाणाचं आहे. तिथं पाटाची गळती आहे, माती कायम ओली असते, म्हणून ते पसरलंय. खोड बघा. माती बाजूला करून बघा. घरच्या हरभऱ्याचं खोड लाल असतं, पान बारीक असतं आणि फूल गडद. ह्याचं फूल बाकीच्यांसारखंच फिकं आहे."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पेन खिशाला लावलं, उकिडवे बसले आणि बुंध्याची माती बोटानं सारली. खोड हिरवं होतं. त्यांनी शेजारच्या झाडाचं पान तोडून ह्याच्या पानाशेजारी धरलं. फुलाशेजारी फूल धरलं. एवढा वेळ लावला की मोठ्या आईची नखं माझ्या मनगटात रुतली.

"बरोबर," ते उठत म्हणाले. "मी भेसळ धरणार होतो." आणि मग ओळींतल्या मोकळ्या जागांकडं बोट करून, "इथं काय झालं? उगवण कमी झाली का?"

"नाही. तिथं भेसळ होती. काढली," मी म्हटलं. कुणी टाकली ते सांगायचा माझा विचार नव्हता.

"माझी मूठ हुती ती, सायब," मोठी आई म्हणाली. "घरच्या बियाची. मी टाकली पेटीत. कुणाला दिसली न्हाई, हिला दिसली. पानावरनं वळखती. मी पदराआड धरून इचारलं तरी एक बी चुकली न्हाई. उपटली सगळी, माझ्यादेखत!"

ती हे असं सांगत होती, जणू मी तिचं काही उपटलं नव्हतं, कमावून आणलं होतं.

साहेब पहिल्यांदा हसले. त्यांनी लाल खोडाचं एखादं झाड चुकून राहिलंय का ते त्या ओळींत पुन्हा बघितलं. अगदी विहिरीच्या कठड्यापर्यंत गेले, परत आले. सापडलं नाही. मग मोटारसायकलच्या सीटवर पॅड ठेवून लिहिलं, सही केली.

"झालं?" मोठ्या आईनं विचारलं.

"झालं आजी. पास आहे. काढणीआधी एकदा येऊन जाईन, पण असाच ठेवलात तर काळजी नाही."

"आसं तोंडातल्या तोंडात नगा सांगू," मोठी आई म्हणाली आणि तिनं बांधाकडं हात केला. "ती मंडळी सकाळपासनं उभी हायेत तिथं. त्यास्नी ऐकू जाऊ द्या."

साहेबांनी एकदा पप्पांकडं बघितलं. पप्पा सावधान स्थितीत उभे होते. मग साहेब बांधाकडं वळले आणि शाळेत हजेरी देताना असतो तशा आवाजात म्हणाले, "प्लॉट पास आहे!"

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं झालं की," ते म्हणाले. "चांगलंच झालं." बाकीचे दोघे आमच्या हरभऱ्याकडं आता पहिल्यांदाच नीट बघत होते. एकसारखा उभा, एका उंचीचा, एका रंगाच्या फुलांचा.

मोठ्या आईनं माझं मनगट सोडलं. ती काही बोलायच्या आत मीच बांधाच्या दिशेनं दोन पावलं गेले.

"काका, पुढच्या वर्षी बियाणं लागेल ना?" मी विचारलं. "आत्ताच सांगून ठेवा. मागणी खूप आहे."

काका माझ्याकडं, मग मोठ्या आईकडं, मग परत माझ्याकडं बघत राहिले.

"ठेव की बाई," ते म्हणाले. "ठेव एक पिशवी. न्हाई, दोन ठेव."